जादा कापडाची कैफियत

मनुष्याच्या वस्त्रप्रावरणांत ज्या गोष्टी केवळ गरजेपोटी निर्माण झाल्या, त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही उरत नाही. खिसा पैशांसाठी, बटण थंडीसाठी आणि नाडी लज्जारक्षणासाठी असते, एवढे सांगितले की विषय संपतो. परंतु जी वस्तू देहाच्या कोणत्याही अवयवाने मागितलेली नाही, जिच्यावाचून आजवर कोणाचेही अडलेले नाही, आणि तरीही जिच्यापायी मुलींनी आयांशी, आयांनी शिंप्यांशी आणि नवऱ्यांनी स्वतःच्या पाकिटाशी कडाक्याचे वाद घातलेले आहेत, त्या फुग्याच्या बाहीची गोष्ट निराळी. दंडाचा घेर ईश्वराने नेमून दिलेला आहे व त्यास दहा-अकरा इंच कापड पुरते. फुग्याची बाही त्याच दंडाला दीडपट, प्रसंगी दुप्पट कापड मंजूर करते, आणि मग ते जादा कापड खांद्यापाशी अशा कौशल्याने दडवते की, ते दडवलेले आहे हे दहा पावलांवरूनही प्रत्येकास दिसावे. सरकारी जमाखर्चात ह्या प्रकाराला चौकशीची तरतूद आहे. शिवणकामात त्याची वेगळी शिलाई आकारतात.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात ही बाही सांप्रत पुन्हा एकदा मोठ्या डामडौलाने अवतरली आहे. गुलमंडीपासून पैठण दरवाजापर्यंत आणि औरंगपुऱ्यापासून सिडकोतील कॅनॉटपर्यंत ब्लाउजच्या दुकानांतील बिनशिराच्या पुतळ्यांचे खांदे असे काही वर चढलेले आहेत की, त्या सर्व पुतळ्यांना एकाच वेळी 'आम्हांस काय ठाऊक?' असे म्हणावयाचे असावे. ह्या पुनरागमनाचे मला जे कुतूहल वाटते ते सौंदर्यशास्त्रीय नसून शुद्ध महसुली आहे. वि. म. दांडेकर ह्यांच्या समितीने 1984 साली महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाची मोजदाद केली तेव्हापासून अनुशेष हा शब्द मराठवाड्यातील बालकांच्या कानी अंगाईबरोबरच पडत आलेला आहे. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, विजेचा अनुशेष, आणि ह्या सर्व अनुशेषांच्या निवारणार्थ भरावयाच्या बैठकांचाही अनुशेष. अशा मुलखात, खांद्याच्या टोकाला का होईना, दोन मुठी शिल्लक दिसू लागली, तर मोजणीच्या कचेरीत हयात घालवलेल्या माणसाने तिचा तपशील मागणे हे त्याचे कर्तव्यच ठरते.

हे शहर तसे पहिल्यापासून मोजमापाचेच. 1610 च्या सुमारास खडकी गावाच्या जागी ज्या मलिक अंबराने ते वसवले, तो निजामशाहीचा सेनापती म्हणून जितका विख्यात, तितकाच जमीनमहसुलाच्या व्यवस्थेबद्दल. रानाची प्रत आणि पिकाचा अंदाज पाहून धारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढे कित्येक राज्यकर्त्यांनी वाखाणली. त्यानंतर गावाचे नाव फतेहनगर झाले, मग औरंगाबाद झाले, आता छत्रपती संभाजीनगर झाले. परंतु प्रत्येक राजवटीत कोणी ना कोणी हातात साखळी, गज किंवा फीत घेऊन दुसऱ्याची हद्द मोजीत बसलेलाच होता. आज ते काम तहसिलीपेक्षा शिंप्याच्या दुकानात अधिक चोखपणे चालते.

आणि अपुऱ्या कापडात मोठा फुगा काढून मागण्याचा प्रघात येथे कोणी पाडला, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने बेगमपुऱ्याकडे जावे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 साली निवर्तली. तिच्या कबरीवर जी इमारत उभी राहिली तिला घाट ताजमहालाचा हवा होता, मंजुरी मात्र ताजमहालाची नव्हती. मकबऱ्याच्या खर्चाचा जो आकडा सांगितला जातो तो 6,68,203 रुपये 7 आणे असा आहे. ह्यातील शेवटचे सात आणे मला विशेष अर्थपूर्ण वाटतात. बादशाही इमारतीच्या हिशेबात ज्याने सात आण्यांची नोंद ठेवली, त्या मुनशीच्या नजरेखाली काम करणाऱ्या कारागिरांची छाती किती दडपली असेल, ह्याची कल्पना लग्नसराईत यजमानीणबाईंच्या समोर कात्री चालवणाऱ्या कोणत्याही शिंप्यास सहज येईल. ताजमहालाचा आराखडा ज्या उस्ताद अहमद लाहोरीच्या नावावर मांडतात, त्याच्याच घराण्यातला अताउल्ला ह्या कामावर होता. म्हणजे कारागिरीत खोट नव्हती. शेवटी त्याने काय केले? खाली कमरेएवढ्या पट्टीला आणि वर घुमटाला संगमरवर लावला व मधल्या बहुतेक अंगाला चुन्याचा घोटीव गिलावा दिला. काठ भरजरी, फुगा भरजरी, आणि मधला सगळा भाग मांजरपाटाचा! लोक त्याला ताजची नक्कल म्हणून हिणवतात. मला मात्र हा अन्याय वाटतो. नमुना पाच मीटरचा दाखवून हाती ऐंशी सेंटिमीटर कापड ठेवणारे गिऱ्हाईक ज्याच्या वाट्यास आले, त्याने घुमट एवढा तरी फुगवला ह्याबद्दल त्याचा सत्कार व्हावयास हवा होता.

ऐंशी सेंटिमीटर हा आकडा मी मनचा घेतलेला नाही. साडीला जोडून येणारा ब्लाउजपीस साधारण तेवढाच असतो, आणि फुग्याच्या बाहीचा सर्व कलह ह्या ऐंशीच्या आकड्यातून उद्भवतो. साध्या बाहीला तो पुरून उरतो. फुग्याला तो निश्चितपणे पुरत नाही. मग गुलमंडीवरील मॅचिंग सेंटरची पायरी चढावी लागते. मॅचिंग सेंटर म्हणजे जगात जितके रंग आहेत त्यांहून थोडे अधिक रंग टू बाय टू रुबियाच्या गठ्ठ्यांत रचून ठेवणारी एक संस्था असून, तेथील पोरगेलासा नोकर साडीचे टोक नुसते चिमटीत धरून, वर न पाहता, तीनशे गठ्ठ्यांतून नेमका एक ओढून काढतो. तो रंग हुबेहूब तोच असतो. तरीही साडी व पीस दोन्ही घेऊन दुकानाच्या बाहेर, उन्हात, रहदारीच्या मध्यभागी जाऊन उभे राहावे, दोन्ही कापडे एकमेकांवर धरावीत, येणाऱ्या रिक्षेला त्या अवस्थेतच हाताने थांबवावे आणि परत येऊन "जरासा फिका नाही का वाटत?" असे म्हणावे, हा विधी चुकत नाही. मापाचा वाद ह्यानंतर सुरू होतो. दुकानदार मीटरमध्ये बोलतो, कारण 1956 च्या कायद्याने देशात दशमान मापे आली. शिंपी इंचात बोलतो, कारण तो कायदा त्याच्या फितीच्या दुसऱ्या बाजूवर छापलेला आहे आणि ती बाजू तो पाहत नाही. आणि बरोबर आलेली वृद्ध आत्या वारात बोलते व हे दोघेही मिळून आपल्याला फसवीत आहेत, असे तिचे ठाम मत असते. ह्या तीन राजवटींत कापडाचा तुकडा कधी मोठा होतो, कधी लहान. फुग्याला मात्र तो प्रत्येक राजवटीत चार बोटे कमीच पडतो.

आमच्या कुटुंबाचे मास्तर पैठण दरवाजाच्या आतल्या अंगाला, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने श्वास रोखून धरावा अशा बोळात बसतात. त्यांचे दुकान आठ बाय दहाचे. त्यात दोन पायमशिनी, एक बेताचे टेबल, दांडीवर लटकणारे अनेक जणींचे अर्धेमुर्धे संसार, आणि गिऱ्हाइकांच्या बरोबर आलेल्या पुरुषमंडळींसाठी एक अरुंद बाक. ह्या बाकावर बसणाऱ्यास कोणतेही अधिकार नसतात. त्याने पिशव्या धराव्यात व विचारले असता "छान आहे" असे म्हणावे. त्याच बाकावरून मी ह्या विद्येचे जे अवलोकन केले ते येथे नोंदवीत आहे.

मास्तरांची भाषा दखनी, गिऱ्हाइकाची मराठी, दोघांचा व्यवहार गेली कित्येक वर्षे विनातक्रार चाललेला आहे. माप घेताना ते आकडे मोठ्याने म्हणत नाहीत, पुटपुटतात, आणि मागे बसलेला मुलगा ते पावतीपुस्तकात उतरवतो. पावतीच्या पाठीमागे कापडाची एक लहान चिंधी टाचणीने टोचलेली असते. ती ओळख पटवण्याच्या कामी येते. उंची, छाती, कंबर, शोल्डर, पुढचा गळा, मागचा गळा, मुंढा, बाहीची उंची, दंडघेर: हा सगळा उतारा मिळून एका स्त्रीचा जो सातबारा तयार होतो, त्यात दर दोन वर्षांनी फेरफार करावा लागतो, तो करताना मास्तर डोळे फितीवरून हलवीत नाहीत आणि चेहऱ्यावरची रेषाही हलू देत नाहीत. एवढा संयम मी मोजणीखात्यात एकाही अधिकाऱ्याच्या ठिकाणी पाहिलेला नाही.

"मास्तर, बाही फुग्याची," असे म्हटले गेले की ते प्रथम पिसाची घडी उलगडून ते टेबलाच्या कडेला लावून पाहतात, मग खिडकीतून बाहेर पाहतात.

"कपडा कम है, बाजी."

"बसवा ना कसेतरी."

"कसातरी बैठता. पर फिर वो फुगा नै दिखता, सूज दिखती."

फुगा आणि सूज ह्यांतील हा भेद ज्या दिवशी मास्तरांनी केला, त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात आचार्य म्हणू लागलो. पुढे मास्तरांची फुरसत आणि माझी सेवानिवृत्ती ह्यांचा योग जुळल्यावर ती बाही बेतताना मी जवळून पाहिली, आणि ह्या सूज-शास्त्राचा उलगडा झाला.

मूळ गणित असे. काखेभोवतीच्या ज्या गोलाईत बाही जोडतात त्या मुंढ्याचा घेर, समजा, 16 इंच आला. साध्या बाहीचा माथा त्याहून अगदी किंचित मोठा, सुमारे 17 इंचांचा, ठेवतात. खांदा गोल असल्यामुळे एवढी सवलत त्यास द्यावी लागते. फुग्याच्या बाहीचा माथा 23 इंचांचा करावयाचा आणि तो पुन्हा त्याच 16 इंचांत बसवावयाचा. नवशिक्यास वाटते, कापड सरसकट रुंद कापले की झाले. तसे केल्यास बाही काखेतही रुंद होते, हात खाली सोडताच तेथे कापडाचा बोळा जमतो, आणि हीच ती सूज. म्हणून आधी साध्या बाहीचा कागदी नमुना काढावयाचा. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा खोल, कारण माणसाचे हात पुढे जातात, मागे क्वचितच. मग त्या नमुन्याच्या उभ्या पट्ट्या पाडून, काखेकडची टोके होती तशीच ठेवून, मधली जागा रुंदावावयाची. माथ्याची रेषाही एक-दीड इंच वर चढवावयाची, नाहीतर फुगा आडवा पसरतो, उभा राहत नाही.

मास्तर नमुना वर्तमानपत्रावर काढतात. खाकी कागद शिवणवर्गातल्या मुलींसाठी. ज्याचा हात बसलेला आहे त्याला छापील मजकुराचा अडथळा होत नाही. त्या दिवशी टेबलावर आलेल्या पानावर शहराच्या पाणीपुरवठ्याविषयी एक आडवा, पानभर पसरलेला मथळा होता. पैठणचे जायकवाडी धरण 1976 साली राष्ट्राला अर्पण झाले आणि तेथून हे शहर पन्नास-एक किलोमीटरवर आहे. तेवढे अंतर पाण्याने नळावाटे कापावे, ह्या विषयावर येथील वर्तमानपत्रांनी जो मजकूर छापला तो सांधत गेल्यास त्याचीच जलवाहिनी धरणापर्यंत पोहोचावी. मास्तरांनी खडूने बाही आखली, कापली, आणि तिच्या चार उभ्या पट्ट्या केल्या. योगायोग असा की, पहिल्या पट्टीवर 'जायकवाडीतून', दुसरीवर 'शहराला', तिसरीवर 'मुबलक' आणि चौथीवर 'पाणी' असे शब्द आले. पट्ट्या जवळजवळ होत्या तोवर वाक्य सलग वाचता येत होते. मास्तरांनी दुसरा कोरा कागद पसरला, त्यावर पट्ट्या मांडल्या, आणि प्रत्येक फटीत मोजून दोन-दोन इंच जागा सोडली. धरण आणि पाणी ह्यांच्या दरम्यान आता एकूण सहा इंच निव्वळ मोकळा कागद पडला, आणि पाहता पाहता त्या मथळ्याला वस्तुस्थितीचे बळ प्राप्त झाले. मग मास्तरांनी पट्ट्या डिंकाने चिकटवल्या, माथ्यावरून एकाच हाताच्या झोकाने नवी कमान ओढली आणि सर्व मजकूर त्या कमानीच्या पोटात घेतला. संपादकांनी हे पाहावे अशी मला फार इच्छा झाली.

कापड बेतताना दुहेरी घडी घालावी लागते, म्हणजे एक बाही उजवी व दुसरी डावी निघते. शिवणवर्गात ह्या बाबतीत हयगय होऊन दोन्ही बाह्या उजव्याच निघाल्याची उदाहरणे प्रतिवर्षी घडतात, व अशा वेळी दोष कापडाच्या छापाला दिला जातो. बेतून झाल्यावर मशिनीची टीप सर्वांत लांब करून, दोरा सैल ठेवून, माथ्यावर पाव इंचाच्या अंतराने दोन समांतर टिपा मारतात. एकच मारली तर चुण्या वेड्यावाकड्या पडतात आणि दोरा तुटला तर सारेच मुसळ केरात. मग दोन्ही टिपांचे बॉबिनचे दोरे एकदम चिमटीत धरून ओढावयाचे. ह्या क्षणी मास्तर बोलायचे थांबतात, मागचा मुलगा रेडिओ बारीक करतो, आणि सपाट पडलेले ते कापड हळूहळू मान वर काढू लागते. चुण्या सरकवण्याचे काम अंगठ्याच्या नखाने चालते: खांद्याच्या शिवणीपाशी दाट, पुढे आणि मागे उतरत्या, काखेजवळच्या तीन इंचांत एकही नाही. चुणी काखेत उतरली की बाही कुरकुर करते, आणि तिच्याबरोबर नेसणारीही. शेवटी बाही ब्लाउजला जोडताना चुण्यांची बाजू वर ठेवतात. ती खाली गेली की मशिनीचे दाते त्या गुपचूप गिळतात व मागाहून कबूल करीत नाहीत.

दंडावरच्या पट्टीला माप अत्यंत चोख लागते. ती सैल पडली तर वरचा सगळा फुगा दंडावरून घसरून कोपराकडे स्थलांतर करतो; घट्ट झाली तर मंगलाष्टके संपेपर्यंत हात निळा पडतो. पैठणीचा ब्लाउज असेल तर ह्या पट्टीच्या जागी जरीचा काठ येतो, आणि वर रेशमाचा फुगा; हल्लीच्या वधूंत ह्या बाहीचे मोठे वेड आहे व ते मला रास्त वाटते, कारण पैठणीचे रेशीम चुण्या धरते आणि जरीचा काठ त्यांना जागच्या जागी तैनात ठेवतो. हिमरूचे तसे नाही. महंमद तुघलकाने 1327 साली राजधानी दौलताबादेस हलवली तेव्हा आलेल्या विणकरांपासून ही कला येथे रुजली असे परंपरा सांगते. सुती ताण्यावर रेशमाची नक्षी, आणि पाठीमागे त्या नक्षीचे सुटे धागे. असे कापड अंगरख्याला शोभते, शालीला शोभते. परंतु त्याला चुण्या घालू म्हटल्यास मागचे धागे मशिनीच्या सुईशी सरळ सरळ बंड करतात. एका यजमानीणबाईंनी हिमरूची फुग्याची बाही मागितली असता मास्तरांनी ते कापड दोन्ही हातांनी, अदबीने, घडी करून परत दिले. "इसकी कोट करो, बाजी," एवढेच ते म्हणाले. बाईंनी कोट शिवला नाही, शिंपी बदलला.

ह्या सर्व खटाटोपाची प्राचीन परंपरा शोधावी म्हणून मी अजिंठ्याच्या चित्रांकडे वळलो, कारण आमच्या जिल्ह्यात कोणत्याही विषयाचे संशोधन अखेर अजिंठ्यापर्यंत न्यावे लागते. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या प्रसंगात एक नर्तकी आहे. तिच्या अंगात लांब बाह्यांची शिवलेली चोळी आहे. म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातही ह्या मुलखात मुंढा बेतणारा कोणीतरी होता. फुगा मात्र नाही. परंतु त्याहून मनोरंजक गोष्ट ही की, त्या चित्रांत शिवलेले कपडे बहुतेक दासी, नर्तकी, शिपाई आणि परदेशी पाहुणे ह्यांच्याच अंगावर आहेत. राजे आणि राण्या अलंकार आणि न शिवलेली तलम वस्त्रे ह्यांवर भागवतात. मनुष्य जितका मोठा, तितके शिंप्याचे उत्पन्न कमी, असा तो काळ होता. पुढे आठशे वर्षांनी, आमच्याच मराठवाड्यात, हिंगोलीकडच्या नरसीत संत नामदेवांसारखा शिंपी जन्मला व त्याने ह्या व्यवसायातील गज-कात्री पार भक्तिमार्गाला लावली. ह्यावरून शिंप्याच्या धंद्यात ऐहिक प्राप्ती फारशी वाढली नव्हती असे अनुमान निघते.

फुगा आला तो समुद्रावरून, आणि आला तो जुन्या चोळीच्या नाकावर टिच्चून. नऊवारी लुगड्यावरची गाठीची चोळी हे काटकसरीचे एक शास्त्र होते. गुळेदगुडच्या खणाची मोजकी रुंदी, तिच्यातून दंडाला घट्ट बसणाऱ्या बाह्या, आणि उरलेल्या चिंधीचीही वाट लावलेली. त्यानंतर आले पोलके व झंपर, आणि त्यांच्यामागून लेस व फुगे. जुन्या घरांतील भिंतींवर आजही ज्या पणज्या लाकडी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून फोटोत उभ्या आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर फोटोग्राफरचे भय आणि खांद्यावर विलायतेची हवा अशी दोन्ही लक्षणे एकदमच दिसतात. खुद्द विलायतेत तर ह्या बाहीने अनेकदा उच्छाद मांडला होता. 1830 च्या दशकात तेथील स्त्रिया बाहीच्या आत पिसांनी भरलेल्या गाद्या बांधीत. 1895 च्या आसपास बाह्या पुन्हा इतक्या वाढल्या की बाई आधी आत येई की बाह्या, हा प्रश्न पडावा. आणि 29 जुलै 1981 रोजी डायना लग्नाच्या बग्गीतून उतरली तेव्हा तिच्या तफेत्याच्या फुग्यांना पडलेल्या चुरगळ्या साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिल्या. तेथे इस्त्रीवाला वेळेवर मिळाला नाही, ह्याचे आमच्याकडील स्त्रियांना आजही वाईट वाटते.

ह्या साऱ्या विलायती प्रकरणात मला जवळची वाटते ती मात्र 1908 सालच्या एका कानडी, म्हणजे कॅनडातील, कादंबरीतील अ‍ॅन नावाची अनाथ मुलगी. लूसी मॉड माँटगोमेरी ह्या लेखिकेने तिला लाल केस, अमर्याद वाचाळता आणि फुग्याच्या बाहीचा ध्यास दिला. तिला सांभाळणारी मरिला हा सर्व प्रकार कापडाची नासाडी मानते आणि साध्या, सरळ बाह्यांचे टिकाऊ कपडे शिवते. शेवटी मरिलाचा भाऊ, जन्मात कधी बायकांच्या दुकानात न गेलेला मॅथ्यू, चोरून शेजारणीकडून फुग्याच्या बाह्यांचा झगा शिववून घेतो व नाताळात मुलीच्या हाती देतो. मरिला ही केवळ कॅनडात सापडते असे ज्यास वाटत असेल त्याने एकदा औरंगपुऱ्यात शाळा सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यात गणवेशाच्या दुकानाबाहेर उभे राहावे. आमच्याकडे कैक शाळांनी पांढऱ्या ब्लाउजला फुग्याची बाही सक्तीची केलेली होती, आणि सक्तीची झाल्यामुळे ती कोणत्याही मुलीला आवडत नसे. हट्ट करावयाची सोय नसलेल्या वस्तूत काय राम असणार?

मास्तरांकडून कपडा मिळण्याची मुदत हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. ज्या शहरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे तेथील नागरिकांस तारखेचे मर्म निराळे शिकवावे लागत नाही. "परसों शाम कू ले जाव," हे वाक्य मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकास सारख्याच निर्मळ चेहऱ्याने सांगतात. त्यात फसवणुकीचा लवलेशही नसतो, कारण कोणता परसों हे त्यांनी कधीच सांगितलेले नसते. तुळशीचे लग्न लागले की दुकानातील दांडी वाकते, आणि मुदतवाढीचे अर्ज तोंडी, डोळ्यांत पाणी आणून, सादर होऊ लागतात. तरी वरात निघण्यापूर्वी तासभर का होईना, ब्लाउज हाती पडतो. हूक लावायचे राहिलेले असतात; ते काम रिक्षेत होते.

रिक्षेचा विषय निघालाच म्हणून सांगतो. सिडको ते औरंगपुरा अशी जी शेअर रिक्षा धावते तिच्या मागच्या आसनावर साध्या बाह्यांच्या चार स्त्रिया मावतात असा अनेक वर्षांचा वहिवाटीचा नियम आहे. फुग्याच्या बाह्यांच्या तीनच मावतात, आणि त्याही आळीपाळीने पुढे-मागे सरकून. चौथे भाडे बुडाले म्हणून रिक्षावाल्याने आरशातून ज्या नजरेने मागे पाहिले, ती नजर फॅशनच्या इतिहासकारांनी अवश्य विचारात घ्यावी. खरा शत्रू मात्र रिक्षावाला नव्हे. तो कोपऱ्यावरच्या हातगाडीवर, कोळशाच्या इस्त्रीसह उभा असतो. शर्टाची बाही सपाट असते, म्हणून प्रत्येक बाही सपाट असावी, असे त्याचे तत्त्वज्ञान आहे. मास्तरांनी नखाने सरकवून उभा केलेला फुगा तो तीन फटक्यांत दाबून त्याचा अर्धगोल पंखा बनवतो, त्यावर धारदार मोड घालतो आणि त्या कामाचे जास्त पैसे मागतो. सुती फुगा आधीच पहिल्या धुण्यात तव्यावरून उतरून गार झालेल्या फुलक्याप्रमाणे बसलेला असतो. त्याला तांदळाच्या पेजेची खळ द्यावी, आतून हात घालून इस्त्रीच्या टोकाने हलके उठवावे आणि कपाटात ठेवताना वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, हे ज्ञान घरातल्या आजीपाशी असते. अशा रीतीने पाणीपुरवठ्याच्या बातम्या बाहीच्या जन्मापासून निवृत्तीपर्यंत तिची सोबत करतात.

एवढे सर्व पाहून मी ह्या निष्कर्षाप्रत आलो होतो की, फुग्याची बाही म्हणजे निखळ उधळपट्टी होय, आणि मराठवाड्यासारख्या काटकसरी मुलखात ती रुजली हाच चमत्कार. ह्या निष्कर्षावर मी बाकावर बसून समाधान पावत असतानाच वाळूजकडची एक बाई दोन मुलींना घेऊन दुकानात आली. थोरली चौदा-पंधरा वर्षांची, धाकटी तिच्या कमरेएवढी. थोरलीला मामाच्या लग्नात फुग्याची बाही हवी होती आणि तिने त्यासाठी रस्ताभर तोंड फुगवून घेतल्याचे दिसत होते. आता ही आई, मरिलाप्रमाणे, नासाडीवर व्याख्यान देणार, म्हणून मी सरसावून बसलो. तिने कनवटीचे पैसे काढून टेबलावर ठेवले, पिशवीतून चांगले सव्वा मीटर कापड काढले, आणि म्हणाली, "मास्तर, फुगा मोठाच काढा. आत दाबही भरपूर ठेवा. हिला दोन वर्षं होईल, मग चुण्या उसवून सरळ बाही केली की धाकटीला पुरतं, अन् उरल्यात पाइपिन निघतं."

मास्तरांनी फीत गळ्यातून काढली. "खोलने के पैसे अलग पडते, ताई."

"उसवते मीच घरी," ती म्हणाली. "तुम्ही फक्त टीप बारीक घालू नका."